आंदणात बेट घेणाऱ्या दुसऱ्या चार्ल्सला

श्री. चार्ल्स स्टुअर्ट,
इंग्लंडचे राजे (1660 ते 1685)

पत्राच्या आरंभी ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. ती मी मुद्दाम मोडते आहे. तुम्हाला नमस्कार करावा असं मला वाटत नाही.

मी उमेळ्याची. उमेळे म्हणजे वसई तालुक्यातलं, नायगाव स्टेशनच्या पश्चिमेचं गाव. माझ्या लहानपणी गावाच्या एका अंगाला भातखाचरं, त्यांच्या पलीकडे मिठागरं आणि मग खाडी. खाडीत पाणजू बेट, आणि खाडीवरून भाईंदरकडे जाणारा रेल्वेचा पूल. तीस वर्षं मी त्या पुलावरून लोकलने मुंबईला नोकरीसाठी गेले. पूल ओलांडला की साष्टी लागते, आणि साष्टी संपली की तुम्ही लग्नात घेतलेलं बेट.

आम्ही त्याला आंदण म्हणतो. मुलीला सासरी धाडताना तिच्याबरोबर जे द्यायचं ते आंदण : भांडी, दागिने, गाय, कधी जमीन. शाळेत आम्हाला शिकवलं की पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. परीक्षेत हा एका मार्काचा प्रश्न असे. कुणी दिली, कुणाला दिली, कोणत्या साली दिली. जिच्या लग्नात दिली तिचं नाव लिहिलं नाही तरी मार्क कापला जात नसे. मला ते नाव कळलं तेव्हा मी पन्नाशीला आले होते. कॅथरिन. तिच्या माहेरच्या भाषेत कातारिना. ब्रागांझा घराण्यातली, जन्म 25 नोव्हेंबर 1638, गाव व्हिला व्हिसोझा.

तिच्याआधी तुम्हाला माझ्या आत्याबद्दल सांगते, कारण हे पत्र तिच्या वहीमुळे लिहिते आहे.

आमच्याकडे लग्न ठरलं की याद्या करतात. दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोरासमोर बसतात, कुंकवाची बोटं लावलेल्या कागदावर देणंघेणं लिहितात, खाली सह्या करतात. आत्याच्या याद्या 1963 साली झाल्या. हुंड्याला बंदी करणारा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून कागदावर हुंडा हा शब्द नाही. ‘मुलीस प्रेमाने’ असं लिहिलं आहे. आजोबांनी त्याची नक्कल एका लांबट वहीत उतरून ठेवली, ती वही माझ्याकडे आहे. निळी शाई आता तपकिरी झाली आहे. सोनं सात तोळे. तांब्याचा हंडा एक, घंगाळ एक, पितळी ताटं अकरा. वरास हाताचं घड्याळ. आणि शेवटच्या ओळीत : खाडीकडील भाताचा तुकडा, पंधरा गुंठे. खाली चार पुरुषांच्या सह्या. आत्याची सही नाही. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि आतल्या खोलीत सुपारी कातरत बसली होती, असं ती सांगायची.

तुमच्या याद्या 23 जून 1661 रोजी झाल्या. मी त्याही वाचल्या. रोख वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजिअर, आणि अकराव्या कलमात मुंबई बंदर व बेट, त्याच्या सगळ्या हक्कांसह. बदल्यात तुम्ही पोर्तुगालच्या मदतीला फौज द्यायची. त्या कागदावरही सह्या पुरुषांच्या आहेत. तिची नाही. बावीस वर्षांची मुलगी आणि हजारो कोसांवरचं बेट एका कागदात बसवलंत आणि दोघांपैकी एकालाही विचारलं नाहीत. माझा तुमच्यावरचा पहिला आरोप हा आहे.

तुम्ही म्हणाल, अशी लग्नं सगळेच राजे करत होते. करत होते, हे खरं. तुमच्याच पूर्वजाची, जॉन ऑफ गाँटची मुलगी फिलिपा 1387 साली पोर्टो शहरात पोर्तुगालच्या पहिल्या जॉन राजाची राणी झाली. आदल्या वर्षी विंडसरला दोन्ही राज्यांचा तह झाला होता, त्या तहाची गाठ म्हणून ती गेली. तिची सावत्र बहीण पुढल्याच वर्षी कॅस्टिलच्या गादीच्या वारसाला दिली. एक मुलगी पोर्तुगालला, एक कॅस्टिलला, म्हणजे बापाचे दोन्ही दरवाजे बंदोबस्तात. फिलिपाने मुलं वाढवली, शिकवली. त्यांतला एक हेन्री, ज्याला जग पुढे नाविक म्हणून ओळखू लागलं. 1415 च्या जुलैत ती प्लेगने गेली, आणि थोड्याच दिवसांत तिचा नवरा आणि मुलगे आरमार घेऊन सेउटा जिंकायला निघाले. त्या आरमाराच्या वाटेने पोर्तुगीज आफ्रिकेच्या कडेकडेने पुढे सरकत राहिले. 1498 ला कालिकतला पोचले. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने, हुमायूनच्या भीतीने, वसई आणि तिच्या हाताखालची बेटं त्यांच्या पदरात टाकली. त्यात मुंबई होती. आमचा सगळा मुलूखही होता.

म्हणजे आधी इंग्लंडची नवरी पोर्तुगालला गेली आणि पावणेतीनशे वर्षांनी पोर्तुगालची नवरी इंग्लंडला आली. मधल्या काळात आम्ही, खाडीकाठची माणसं, त्यांच्या देण्याघेण्यात सामील झालो होतो. फिलिपाबद्दल मला आदर आहे. पण तिच्या लग्नात कुणाचं गाव आंदण म्हणून गेल्याचं मी वाचलेलं नाही. तुमच्या लग्नात गेलं.

कॅथरिनच्या आईचीही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. लुईसा द गुझमान मूळची स्पेनची, मेदिना सिदोनियाच्या ड्यूकची मुलगी. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. तिचं लग्न ब्रागांझांच्या घरात लावलं ते हे घराणं स्पेनला बांधून राहावं म्हणून. झालं उलटं. 1640 साली तिचा नवरा स्पेनविरुद्ध उठून राजा झाला आणि ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. नवरा गेल्यावर राज्याचा कारभार तिच्या हाती आला. लेकीसाठी तिने आधी फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडे प्रयत्न केला. 1659 साली फ्रान्सने स्पेनशी तह केला, लुईने स्पेनची राजकन्या केली, आणि पोर्तुगाल एकटा पडला. दारात स्पेनची फौज, समुद्रात डच. तेव्हा तिने तुमच्याकडे निरोप धाडला. लेकीला वाचवावं की राज्याला, यात तिने राज्य निवडलं, असं मला वाटतं. तिचा दोष मी झाकत नाही. पण ती बुडत्या घरातून देत होती आणि तुम्ही भाव वाढवून घेत होता. स्पेनचा वकील तुमच्या दरबारात दुसऱ्या मुली आणि जास्त रकमा सुचवत होता, आणि तुम्ही दोन्ही पारडी हातात धरून बसला होता.

1662 च्या मे महिन्यात ती पोर्टस्मथला उतरली. तिला इंग्रजी येत नव्हतं, तुम्हाला पोर्तुगीज येत नव्हतं, बोलणं स्पॅनिशमधून. रोख रक्कम पुरती आली नव्हती, निम्म्या हप्त्याच्या जागी साखर आणि मसाले जहाजात भरून धाडले होते, म्हणून तुमच्या माणसांनी कुरकुर केली. नवरी दारात आणि सासरचे लोक साखर वजन करतायत. हे दृश्य आमच्याकडच्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मग ती दुसरी यादी.

राणीच्या दालनात सेवेला राहणाऱ्या मानकरी बायकांची यादी तुम्ही तिच्याकडे पाठवलीत. त्यात नाव होतं बार्बरा पामर, लेडी कॅसलमेन. तुमची रखेली. त्याच उन्हाळ्यात तिला तुमचा मुलगा झाला होता. कॅथरिनला हे नाव माहेरीच कळलेलं होतं. तिने लेखणी घेतली आणि ते नाव खोडलं.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. तिच्या आयुष्याच्या सगळ्या याद्या दुसऱ्यांनी लिहिल्या. तिच्या नावाने रक्कम लिहिली, बेट लिहिलं, बंदर लिहिलं. एकदाच तिने एका यादीवर स्वतःच्या हाताने रेघ मारली. माझ्या आत्याला उभ्या जन्मात तेवढंही करता आलं नाही.

तुम्ही ते नाव परत घातलंत. भरल्या दरबारात त्या बाईचा हात धरून तिला राणीसमोर आणलंत. कॅथरिनने आधी ओळखलं नाही, हात पुढे केला. कुणीतरी कानात सांगितलं तेव्हा तिच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. तुम्हाला तिची दया आली नाही, राग आला. तिच्याबरोबर आलेल्या पोर्तुगीज बायकांना तुम्ही परत धाडलंत. तुमच्या प्रधानाला, लॉर्ड क्लॅरेंडनला, सांगितलंत की तिचं मन वळव, आणि या कामात जो आडवा येईल तो माझा शत्रू. परक्या मुलखात, परक्या भाषेत, ओळखीचं माणूस उरलं नाही तेव्हा ती नमली. बार्बरा तिच्या सेवेत राहिली. माझा दुसरा आरोप हा.

तेवढ्यात इकडे तुमचं आंदण उचलायला जहाजं आली होती. अर्ल ऑफ मार्लबरोचं आरमार, सर अब्राहम शिपमन आणि चारशेच्या आसपास शिपाई. तुमच्या दरबाराला आपण काय घेतलंय हेही नीट ठाऊक नव्हतं. क्लॅरेंडनने मुंबई ब्राझीलपासून जवळ असल्याचं म्हटल्याचं इतिहासकार सांगतात. तुमचे लोक म्हणत होते साष्टी आणि ठाणंही बेटाबरोबरच येतात, पोर्तुगीज म्हणत होते फक्त बेट. मुंबई तेव्हा वसईच्या हाताखाली होती, वसईचा कप्तान हा उत्तरेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाचा मोठा अधिकारी. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनिओ द मेलो ए कास्त्रो याने कागदपत्रांत खोट काढून ताबा द्यायचं नाकारलं. आपल्या राजाला त्याने कळवलं की इंग्रज मुंबईत बसले तर हिंदुस्थान आपल्या हातून गेला म्हणून समजा. ते बऱ्याच अंशी खरं झालं.

शिपमन आणि त्याची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसली. तिथे तापाने, उपासाने माणसं पटापट मेली. 1664 साली शिपमनही गेला. त्यांतली शंभरएक उरली असतील. ती बिचारी तुमच्या प्रजेतली गरीब पोरं होती, त्यांच्याबद्दल मला राग नाही. तुमच्या लग्नाचं आंदण मोजायला आली आणि परत गेली नाहीत.

शेवटी 18 फेब्रुवारी 1665 ला शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने ताबा घेतला. जागा कोणती, तर डोना इग्नेझ द मिरांडा या विधवेचा वाडा. ती बेटाची जमीनदारीण होती. तिच्याच घरात बसून तिचं बेट दुसऱ्याच्या नावावर झालं. ते ठिकाण आज मुंबईच्या फोर्टात नौदलाच्या आवारात आहे. माझं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.

त्या वेळी झालेल्या करारपत्रातलं एक कलम मला झोपू देत नाही. पोर्तुगीजांच्या गावांतले कुणबी, भंडारी आणि इतर माणसं पळून मुंबईत आली तर त्यांना इंग्रजांनी थारा द्यायचा नाही, परत त्यांच्या मालकांकडे धाडायचं. पोर्तुगीजांची गावं म्हणजे कोणती? बेटाच्या अलीकडची. साष्टीची, वसईची, आमची. एका राणीच्या लग्नाचं देणं फेडताना दोन सरकारांनी ताडी काढणाऱ्या आणि भात लावणाऱ्या माणसाच्या पायात दोर बांधला. आंदणाच्या यादीत गुरं लिहितात तशी माणसं. हे पत्र तुम्ही पुढे मान्य केलं नाहीत, पण तुमची तक्रार मुलूख कमी मिळाल्याची होती. कुणब्याच्या दोराबद्दल तुम्ही बोलल्याचं मला कुठे सापडलं नाही.

आणि इतकं करून बेटाचं तुम्ही काय केलंत? खर्च झेपेना म्हणून 27 मार्च 1668 च्या सनदेने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलंत. वर्षाला दहा पौंड भाड्याने. टँजिअर 1684 साली तट पाडून सोडून दिलंत. ज्या दोन ठिकाणांसाठी ती मुलगी घेतलीत, त्यांतलं एकही तुम्ही स्वतःपाशी ठेवलं नाहीत. कंपनीने मात्र ते बेट घट्ट धरलं. तिथूनच 1774 साली तिने ठाणं आणि साष्टी घेतली. तिथूनच तिची माणसं 31 डिसेंबर 1802 ला आमच्या वसईत दुसऱ्या बाजीरावाची सही घ्यायला आली. चिमाजी अप्पांनी 1739 साली किती माणसं गमावून वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला होता, ते वसईच्या पोराला विचारा.

कॅथरिनला मूल झालं नाही. गर्भ राहिला आणि गेला, असं निदान तीनदा झालं. 1663 च्या आजारपणात तापाच्या भरात आपल्याला मुलगा झालाय असं ती बोलत होती. तुम्हाला बाहेरून डझनभर मुलं होती, त्यांना तुम्ही सरदारक्या दिल्या, आणि ती सगळी तिच्या डोळ्यांसमोर मोठी झाली. 1678 साली टायटस ओट्स नावाच्या खोटारड्याने ती तुम्हाला विष घालणार होती असा बोभाटा केला, कारण ती कॅथलिक होती. तेव्हा तुम्ही तिची बाजू घेतलीत. मूल नाही म्हणून सोडचिठ्ठी द्या, असा सल्ला देणाऱ्यांनाही तुम्ही हाकललंत. हे मी लिहिते, कारण खरं आहे. पण बायकोला घराबाहेर काढलं नाही, हा मोठेपणा म्हणून सांगणारे नवरे मी उमेळ्यातही पाहिले आहेत, आणि त्यांचाही मी कधी मान राखलेला नाही.

1685 च्या फेब्रुवारीत तुम्ही अंथरुणाला खिळलात. तिला तिथे थांबवेना, तिने निरोप पाठवला की माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा. त्यावर तुम्हीच तिची क्षमा मागितलीत असं सांगतात. मी ते खरं धरते. तेवीस वर्षांनी एक वाक्य.

तुमच्यानंतर ती वीस वर्षं जगली, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. 1692 साली ती माहेरी परत निघाली. लिस्बनला स्वतःसाठी वाडा बांधला. भाऊ पेद्रो आजारी पडला तेव्हा 1704 आणि 1705 मध्ये तिने पोर्तुगालचा कारभार हाती घेतला. स्पेनशी लढाई चालू होती, तिच्या कारकिर्दीत पोर्तुगीज फौजेने ठाणी जिंकली. जिला तुमच्या दरबारात एक नाव खोडायचा अधिकार नव्हता, तिने राज्य चालवलं. 31 डिसेंबर 1705 ला ती वारली.

आमच्या आत्याला असं माहेरपण मिळालं नाही. सासरच्यांनी खाडीकडचा तुकडा लग्नानंतर सहा वर्षांत विकला. तिला कळलं ते गावच्या बाजारात, मासे घेताना, दुसऱ्याच बाईकडून. पुढे त्यावर भराव पडला, आता तिथे चार मजली इमारत आहे. ती आमच्याकडे यायची तेव्हा स्टेशनवरून सरळ घरी न येता त्या बाजूने वळसा घालून यायची. शेवटी शेवटी तिला चालवत नव्हतं, तरी रिक्षावाल्याला तिकडून घ्यायला सांगायची. एकदा मी विचारलं, आत्या, काय बघतेस? ती म्हणाली, “माझ्या नावाने दिली म्हणतात ना, म्हणून बघते.”

तुमच्या देशातून आलेल्या कायद्याने आम्हाला बरंच काही शिकवल्याचं सांगतात. हुंड्याचा कायदा आम्ही आमचा केला, 1961 साली. तुमच्या याद्यांना त्या वर्षी तीनशे वर्षं पुरी झाली. तो कायदा रोज मोडला जातो, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. मोडणारे राजे नाहीत, शिकलेली, नोकरी करणारी, चांगल्या घरची माणसं आहेत, आणि त्यांच्याही वह्यांत ‘मुलीस प्रेमाने’ असंच लिहिलेलं असतं. पण त्या वहीला गुन्हा म्हणायला आमच्याकडे आता शब्द आहे. तुमच्या वहीला इतिहासात अजून ‘तह’ म्हणतात.

माझ्या भाचीच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीच्या याद्या येत्या मार्गशीर्षात आहेत. वही नवीन घेतली आहे. त्यात पाहुण्यांची नावं, मुक्कामाला कोण येणार, कोणाला पथ्याचं जेवण लागतं आणि गुरुजींचा फोन नंबर एवढं लिहिलं आहे. सह्यांच्या जागी पहिली सही तिची असेल, ती मी घेणार आहे.

उमेळ्याची एक आत्या